शेठजींच्या घंटेची कल्हई

नंदुरबारातील ज्या माणसाने माझ्या पाहण्यात दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातील भांडी सर्वांत अधिक वेळा उलटी करून पाहिली, तो भांड्यांचा व्यापारी नव्हता. तो विजेचे काम करणारा होता. त्याचे नाव चुडामण. पुढे सारे गाव त्यांना आप्पा म्हणू लागले. ही हकीकत घडली त्या सन १९३७ च्या पावसाळ्यात त्यांचे वय सत्तावीस होते आणि त्यांना आप्पा कोणीच म्हणत नसे. तथापि एकाच माणसाचा दोन प्रकारे उल्लेख केल्याने घोटाळा होतो, म्हणून मी आरंभापासूनच आप्पा म्हणतो. जे मी स्वतः पाहिले ते पाहिले तसे सांगतो; उरलेले आप्पांनीच मला, एकदा नव्हे, अनेकदा सांगितलेले आहे.

आप्पा रनाळ्याच्या शेतकरी घरातले. रेल्वेच्या तारखात्यात खांबांवर चढता चढता ते विजेचे काम शिकले आणि मग नोकरी सोडून घरी परतले. घरी दोन वडील भाऊ, एक नांगर आणि ‘तार सोड, कासरा धर’ असा रोजचा उपदेश. गावाजवळ राहून विजेवर पोट भरायचे, तर सबंध नंदुरबारात एकच आशा होती. केवलचंद शेठजी आपल्या जिनिंग कारखान्यात डायनॅमो बसवणार होते. त्या कामावर माणूस हवा होता, आणि सुरतेचा एक मिस्त्री त्यासाठी दोनदा येऊन पेढीवरचा चहा पिऊन गेला होता.

शेठजींनी आप्पांची परीक्षा घ्यायचे ठरवले आणि तीही घरच्या कामावर. त्याचे कारण असे. केवलचंद शेठजी जैन, आणि चातुर्मासात त्यांचा नियम कडक : सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. पेढी खाली, घर वर. पावसाळ्यात आभाळ भरलेले. खाली गादीवर बसलेल्या माणसाला सूर्य आहे की गेला, कळायचा मार्ग नाही. पेढीवर घड्याळ लावले तर गुमास्ते कामाऐवजी घड्याळाकडे पाहतात, असे त्यांचे मत असल्यामुळे तेथे घड्याळ नव्हते. वर घड्याळ होते, पंचांग होते आणि सायरबाई होत्या. परंतु घरच्या लक्ष्मीने गिऱ्हाइकांसमोर पेढीवर उतरायचे नाही, आणि नवऱ्याला नावाने हाक तर मारायचीच नाही. म्हणून इतकी वर्षे सायरबाई जेवणाची वेळ झाली की वरच्या फळ्यांवर पितळी थाळी आपटत. त्या थाळीचा आकार पुढे पुढे असा झाला होता की तिच्यात आमटी एकाच बाजूला थांबे.

तर आप्पांनी स्वयंपाकघरापासून पेढीपर्यंत विजेची घंटा बसवावी. ती आषाढी चौमाशीपासून, म्हणजे चातुर्मासाच्या आरंभापासून, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत एकदाही न चुकता वाजली, तर कारखान्याचे काम त्यांचे. चुकली, तर सुरतेच्या मिस्त्रीचे. असा ठराव झाला. मी समोरच्या घरात भाड्याने राहत असे आणि शाळेत शिकवीत असे. सूर्यास्ताच्या वेळा पंचांगातून काढून सायरबाईंना लिहून देण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून ठरावाला मी साक्षी.

पहिला तंटा तारेवरून झाला. आप्पांनी आणलेल्या तारेचे रबर शेठजींनी नखाने सोलले. आत पांढरी तार निघाली. शेठजींचा चेहरा, गाठोड्यात वर चांगला आणि खाली किडका कापूस सापडल्यावर व्हावा, तसा झाला.

“हाई तांबं शे? हाई तं कथील शे!”

“शेठजी, मझार तांबंच शे.” आप्पांनी चाकूने तार खरवडून लाल रंग दाखवला. “वरतून कल्हई करेल शे. नागडं तांबं रबरमा काळं पडस, ओलमा हिरवं पडस. आमटीना पातेलाले कल्हई करतस ना, तशी.”

“मझार एक आनि वर दुसरं! असा माल मन्ही पेढीवर चालत नही. देवपूजाना तांब्याले कोनी कल्हई करस का रे? शुद्ध तांबं आन.”

“देवना तांब्यामा पानी ऱ्हास, शेठजी. कढी नही.”

“मंग मन्ही घंटीमा कोन कढी वती ऱ्हायनं?”

गादीवरचे सारे हसले. आप्पांनी कल्हईच्या तारेचे वेटोळे गुंडाळून माळ्यावर टाकले आणि शेठजींच्या पसंतीची, सूत गुंडाळलेली शुद्ध तांब्याची तार ओढली. स्वयंपाकघरात चुलीपासून चार हातांवर, मोरीच्या वरच्या बाजूस, त्यांनी सागवानी फळी ठोकली. फळीवर तांब्याच्या दोन पट्ट्या; वरची दाबली की खालचीला टेकायची आणि पेढीवर घंटा वाजायची. तारांची टोके पट्ट्यांच्या स्क्रूंना पीळ देऊन बांधली होती. वीज कोठून, तर माळ्यावरच्या चार काचेच्या बरण्यांतून. त्यांत नवसागराचे पाणी होते. सायरबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांची झाकणे पाहून विचारले, “कैरीनं लोनचं नही ना? नाहीतर मन्ही बरनी कोनती, तुन्ही कोनती?”

जाताना आप्पांनी त्यांना एकच सूचना दिली : “बाई, इजनी वस्तू शे. हिले पानी लावानं नही. एक थेंबबी नही.”

सायरबाईंनी ती सूचना शब्दशः पाळली. या गोष्टीतील सगळी आपत्ती तेथून सुरू होते.

घंटा सुमारे महिनाभर उत्तम वाजली. शेठजी तर घंटा ऐकण्यासाठी गिऱ्हाइकाला बोलण्यात मुद्दाम थांबवून ठेवीत आणि ती वाजली की, “बोलावनं उनं,” असे म्हणून राजासारखे उठत. श्रावण शुद्ध पक्षात एके दिवशी मी लिहून दिलेला सूर्यास्त सात वाजून दोन मिनिटांचा होता. सायरबाईंनी साडेसहाला पट्टी दाबली. घंटा मुकी. पुन्हा दाबली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली, शेवटी थाळी शोधली. पण ती थाळी आता काम नाही म्हणून मोलकरणीला देऊन टाकली होती. शेठजी खाली रनाळ्याच्या एका शेतकऱ्याशी ज्वारीच्या बियाण्यावरून रंगात आले होते. ते वर आले तेव्हा सात वाजून नऊ मिनिटे झाली होती. पानावर कढी होती, खिचडी होती, तूप होते. शेठजींनी तिघांकडे पाहून हात जोडले आणि ते तसेच जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी फळी उघडली. तारेचा पीळ हिरवा झाला होता, पट्टीच्या खालच्या बाजूस हिरवी बुरशी आल्यासारखी दिसत होती. त्यांनी सारे पॉलिश कागदाने घासून पुन्हा आवळले. शेठजी म्हणाले, “एक चूक माफ. दुसरी नही.”

नवव्या दिवशी घंटा पुन्हा मुकी झाली आणि शेठजी पुन्हा उपाशी झोपले. आणि मग, सकाळी आठ वाजता, त्यांनी मला बोलावून सुरतेच्या मिस्त्रीला पत्र लिहायला सांगितले. मी लिहिले. पत्र दुपारच्या टपालाने जायचे होते. आप्पा तेथेच उभे होते. शेठजी त्यांच्याकडे न पाहता मला म्हणाले, “गुरुजी, बारा वाजेलोक तुमनापासीच ठेवा.” एवढीच दया त्या माणसाने शिल्लक ठेवली होती, ती मला पुरेशी वाटली, आप्पांना नाही.

आप्पा वर गेले आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले. ते चक्रावून गेले होते. नागडे तांबे हिरवे पडते हे त्यांचेच म्हणणे, पण ते दोन-तीन पावसाळ्यांनी. आठ दिवसांत नव्हे. माळ्यावरच्या बरण्या कोरड्या, मोरीचे पाणी फळीपर्यंत उडत नव्हते, चुलीची वाफ दुसरीकडे जात होती. ते पाहत बसले. सायरबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि आपले काम चालू ठेवले. भांडी घासून झाली. पूजेचा तांब्या घासून झाला. त्यानंतर त्यांनी चिंचेचा उरलेला गोळा मिठात बुडवला, मोरीवर चढून उभ्या राहिल्या आणि घंटेच्या पट्ट्या घासू लागल्या.

“बाई! काय करी ऱ्हायनात?”

“तांबं घासस.”

“चिंचघाई?”

“मंग काय गुळघाई? काळं तांबं भितवर टांगेल देखीनं येनारी-जानारी काय म्हनी? रोज घासस मी. देख, कशी चमकस.”

खरेच, पट्ट्या वरून दिव्यासारख्या चमकत होत्या. आप्पांना उगाच आशा वाटली.

“मंग धुतस ना?”

सायरबाईंनी पदराआडून त्यांच्याकडे असे पाहिले की, आप्पा म्हणत, माझा शाळेतला पहिला दिवस मला आठवला. “तूच सांगेल व्हतं ना, पानीना एक थेंबबी लावू नका? मी कोरडं फडकं फिरवस. चिंच भेगमा जास, तिले मी काय करू?”

आप्पा कपाळावर हात मारून हसू लागले. आणि पत्राची आठवण होऊन लगेच थांबले. दोष सापडला होता, पण उपाय? घासू नका म्हणून सांगणे म्हणजे तांब्याची वस्तू काळी ठेवा म्हणून सांगणे. त्या घरात ते कोणी ऐकले नसते. त्यांची नजर फळीवरून उतरंडीकडे गेली. तेथे कढीचे पातेले पालथे होते. ते त्यांनी उलटे केले. आत पांढरी स्वच्छ कल्हई.

“बाई, हाई पातेलं मझारतून चिंचघाई घासतस का?”

“येडा शेस का? कल्हई निंघी जाई ना! कल्हईले राखबी हलका हातनी लावनी पडस.”

हे वाक्य ऐकले आणि आप्पा जिन्यावरून तीन तीन पायऱ्या गाळून खाली आले. साडेदहा वाजले होते. पाच मिनिटांनी शेठजी, आप्पा आणि मी, पत्र खिशात घेऊन, स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होतो. आप्पांनी सर्व सांगितले : न धुतलेली चिंच आणि मीठ भेगेत राहून तांबे आठ दिवसांत हिरवे करतात; पट्ट्यांना कल्हई केली, तर बाई त्यांना चिंच लावणारच नाहीत. शेठजींनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजे मन्ही घंटीमा खरंच चिंच वती ऱ्हायनात!” पण लगेच त्यांचा चेहरा कठोर झाला. ठराव मोडला होता. दोनदा मोडला होता.

तेव्हा सायरबाई बोलल्या. परक्यांसमोर त्या नवऱ्याशी थेट बोलत नसत. म्हणून सारे भाषण त्यांनी पातेल्याला उद्देशून केले.

“काय रे पातेल्या, तुले कल्हई करेल शे म्हनीसन तू लबाड शेस का? वीस वरीस तुन्हा पोटनी कढी खाई ऱ्हायनात, तवय कोनी इचारं नही, मझार काय नि वर काय. बिनकल्हईना पातेलामा कढी देऊ का आज? शुद्ध तांबानी?”

शेठजी पातेल्याकडे पाहत राहिले. दोन रात्रींच्या उपाशी माणसासमोर कढीचे नाव काढणे हा युक्तिवाद नव्हे, हे मी जाणतो. परंतु त्याहून प्रभावी युक्तिवाद मी कोणत्याही सभेत ऐकलेला नाही.

“गुरुजी,” ते म्हणाले, “पत्र द्या.” पत्र घेऊन त्यांनी ते चुलीत घातले. “ठराव आजपाईन नवा. चुकनी घंटी, तं मी सुरतले सोता जासू.”

आप्पांनी त्याच चुलीवर पट्ट्या तापवल्या. नवसागर माळ्यावरच्या बरणीसाठी आणलेल्या पुडीतून घेतला, कथील कल्हईवाल्याकडून आणले, आणि कापसाच्या बोळ्याने पट्ट्यांना कल्हई चढवली. नवसागराच्या धुराने सायरबाई, शेठजी आणि मी असे तिघेही गॅलरीत येऊन खोकत होतो. माळ्यावरचे पांढऱ्या तारेचे वेटोळे खाली आले. त्या दिवशी सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी घंटा वाजली. शेठजी या वेळी राजासारखे उठले नाहीत. धोतर सावरून पळाले.

कार्तिकी पौर्णिमेपर्यंत ती एकदाही चुकली नाही. सायरबाई तिच्यावरून आठवड्यातून एकदा राखेचे बोट हलक्या हाताने फिरवीत. कारखान्याचे काम आप्पांना मिळाले, आणि रनाळ्याचा कासरा भावांच्या हाती कायमचा राहिला. पहिल्या दिवशी तारेची वेटोळी गाडीतून उतरली तेव्हा मी हजर होतो. शेठजी स्वतः चाकू घेऊन बसले होते. प्रत्येक वेटोळ्याचे टोक ते सोलीत, पांढरे पाहत, मग खरवडून आतले लाल पाहत आणि मान डोलावीत. सातव्या वेटोळ्याचे टोक वरूनच लाल निघाले.

शेठजींनी ते दोन बोटांनी, उंदीर धरावा तसे, उचलून आप्पांसमोर धरले.

“चुडामण,” ते म्हणाले, “हाई नागडं कोनी धाडं?”