कानानं धरलेला नेम

देऊळघाटच्या देवानंदनं आपल्या लेकीला कधी पाहिलेलं नाही. सरहद्दीवर सुरुंग फुटून त्याचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा त्याच्या बायकोला, महामायाला, सातवा महिना होता. करिष्मा आता दहा वर्षांची आहे. तिचं नाक कुणावर गेलंय यावर घरात वाद होतात, तेव्हा तो गप्प बसतो. त्याच्यापुरती लेक म्हणजे तिचा आवाज. बारीक, किणकिणता, दिवसभर न थकणारा.

गावानं त्याचा सत्कार केला, शाली दिल्या आणि ओट्यावर बसवून त्याला विसरून गेलं. या कामात आपली गावं मोठी पटाईत. आठवण ठेवली ती बुलढाण्याच्या निवृत्त सुभेदार वामनरावांनी. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये अपंगांचा नेमबाजीचा सराव चालायचा. तिथली एक बंदूक खास आंधळ्यांसाठी होती. कानाला हेडफोन लावायचा. नळी लक्ष्याच्या मध्याकडे सरकेल तसा त्यातला आवाज शिट्टीसारखा चढत बारीक होत जातो, आणि अगदी बारीक झाला की चाप ओढायचा. गावातले लोक खूप हसले. पण वर्षभरात देवानंदचे छर्रे मध्याला लागायला लागले. सकाळी उठल्यावर त्याला कुठंतरी जायचं असायचं, आणि त्यातच त्याला सगळं मिळालं होतं.

गेल्या वर्षी तो बारीक आवाज तुटायला लागला. मशीन बिघडलं, असं त्यानं सांगितलं. वामनरावांनी स्वतःच्या कानाला लावून पाहिलं, तर मशीन ठणठणीत. तेव्हा देवानंद काय ते समजला. धमाक्यानं कानांनाही मार बसलाय, पुढं आधी बारीक आवाज जातील, असं फौजी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला डोळे गेले तेव्हाच सांगितलं होतं. घरी त्यानं हे कधी कळू दिलं नव्हतं. आता करिष्मा बोलली की तो नीट बोलत जा म्हणून तिच्यावर खेकसायचा. पोर रडवेली व्हायची, आणि मग त्याचाच जीव तुटायचा.

बंदूक मात्र त्यानं सोडली नाही. त्यानं युक्ती काढली. आवाज चढत चढत जिथं नाहीसा होतो, तिथंच मध्य. तो शांततेवर नेम धरू लागला आणि गुण उलट वाढले. वामनराव खुश झाले. खरं सांगितलं तर सराव बंद पडेल, या धास्तीनं तो मूग गिळून बसला.

पुण्याच्या राज्य स्पर्धेत त्याचा दुसरा नंबर आला. टाळ्या त्याला चांगल्या ऐकू आल्या, वामनरावांची शाबासकीही ऐकू आली. महामायाबरोबर आलेली करिष्मा धावत येऊन बिलगली. तिचे ओठ त्याच्या गालाशी हलत होते. तो नुसता हसत मान डोलवत राहिला. ती थांबली, तिनं पुन्हा काही विचारलं आणि त्याचा हात धरून हलवला.

महामायानं त्याचा खांदा धरला. "पोरगी कवाची इचारून राह्यली. तुमाले आयकू नाही येत काय?"

लपवायचं त्राण आता त्याच्यात उरलं नव्हतं.

"तुहा आवाज येते," तो म्हणाला. "साहेबायचा येते. तिचाच येत नाही."

करिष्मानं दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं, कानाला तोंड लावलं आणि पुन्हा काहीतरी म्हणाली. तिचा श्वास गरम होता, एवढंच त्याला कळलं.