गाणाऱ्यांनी भरलेलं हॉटेल

मंडळी, त्या खोलीचं भाडं कमीच होतं. खरी किंमत मोजली ती माझ्या वैष्णवीच्या झोपेनं.

आज संभाजीनगरला तिची गाण्याची स्पर्धा होती, म्हणून आम्ही बापलेक कालच वैजापूरहून आलो. लग्नसराई, त्यात शहरभर मैफली नि बँड. शहागंजातलं हॉटेल मी बाजाराच्या गलक्यामुळं जिन्यातूनच नाकारलं. मोटारी दुरुस्त करत वर आलेला माणूस मी. नुसत्या आवाजावरून खराब बेअरिंग ओळखतो, हे तिला परत एकदा ऐकवलं. शेवटी दुसऱ्या एका हॉटेलातल्या खोलीत खिडकी लावून कान दिला. शांत!

मॅनेजर म्हणाला, "काका, बिनघोर राहा. सगळे स्पर्धेचेच कलाकार हैं. दारू नाय, दंगा नाय."

मी खूश.

उजाडायच्या आत प्रत्येक खोलीत रियाज सुरू झाला. वर पेटी, शेजारी ताना, समोर तंबोरा, आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी. वैष्णवी डोक्यावर उशी घेऊन पडली होती. मी खाली जाऊन तक्रार केली.

"गाणाऱ्यांना गाऊ नका कसं म्हणू, काका? तुमची पोरगी काय पोहायला आलीय?"

दुपारी ती गायली. मी पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवल्या. नंबर आला नाय. आता परतीच्या एसटीत बसून लिहितोय. स्पर्धेच्या गावी तुम्ही पोरांना कुठं उतरवता, सांगा बरं.

मघाशी तिला म्हणालो, परीक्षकांना कानच नाहीत.

"पप्पा, झोप नव्हती, वरचा सा लागलाच नाही. सगळ्या हॉलला कळलं."

मला कळलं नव्हतं.