बेबाकी

गंगाखेडला आमच्या शेजारी राहणारे हे गृहस्थ कचेरीत कारकून. घराचं कर्ज त्यांच्यावर, तसंच माझ्यावरही. त्यामुळे नमस्काराऐवजी ते कुंपणावरून विचारत, "सर, फिटायलंय का?" मी म्हणायचो, "फिटायलंय." तेवढ्यानंही धीर यायचा.

काटकसर मात्र कडक. चहा घरी बिनसाखरेचा, आमच्याकडे तीन चमचे. उन्हाळ्यात स्वतःचा कूलर बंद ठेवून आमच्या कूलरपुढं बसत आणि मलाच समजावत, "तुमचं लाइट बिल लय यायलंय सर, जरा आवरा."

गेल्या महिन्यात ते पेढे घेऊन आले, तेही विकतचे! बँकेनं बेबाकी दिली होती. कर्ज पुरतं फिटल्याचा दाखला. मला भरून आलं. दाखला आमच्याच देवापुढं ठेवून त्यांनी हात जोडले.

"बेबाकी असली की नवं कर्ज लगेच देतेत, सर. चारचाकी घ्यायलोय. जामीनदार तुमी."

माझ्याच खिशातला पेन काढून त्यांनी माझ्या हातात दिला. पेढा तोंडात होता, नाही म्हणता आलं नाही.

आता रोज सकाळी कुंपणावरून मीच विचारतो, "फिटायलंय का?"