शपथ न घेणारं घर

फौजेतला माझा धाकटा फोन केला की आधी गुडघा कसा आहे ते विचारतो. त्या दिवशी त्यानं थेट काम सांगितलं, तिथंच मला शंका आली.

त्याच्या तुकडीतल्या हवालदारावर लष्करी कोर्टात खटला चालू होता. स्वयंपाक्याला असं मारलं की त्याचा एक कान कायमचा गेला, असा आरोप. माझा पोरगा साक्षीदार. पण ह्यानं शपथच घेतली न्हाय. शिपायानं असं केलं की तो कोर्टाचा अपमान धरतात, नोकरीवरसुद्धा येतं म्हणे. म्हणून त्याला माझा कागद पाहिजे होता, की आमच्या घराण्यात कुणी शपथ घेत न्हाय.

ते खरंच आहे. माझ्या चुलत सासऱ्यांनी बांधाच्या भांडणात बेलभंडारा उचलून खोटी शपथ घेतली आणि वर्षाच्या आत बैलजोडी गेली. तेव्हापासून खऱ्यालासुद्धा आमच्यात शपथ न्हाय. पण हेच पोरगं लहानपणी शेजारचे पेरू खाऊन माझ्या गळ्याला हात लावून खुशाल शपथ घ्यायचं. आताच कशी रीत आठवली? त्यात त्याची बायको, माझी सून, दोन दिवस फोन घेऊन मोरीपाशी जाऊन बोलायची, आणि मी दिसले की गप्प.

तरी आमच्या तालुक्याच्या वाशीहून एसटीनं धाराशिवला गेले, कोर्टासमोरच्या वकिलाकडं. त्यानं कागद तयार करून वाचून दाखवला. पहिलंच वाक्य, मी शपथेवर लिहून देते. मी म्हणलं, शपथ घेत न्हाय हे सांगायला शपथ घेऊ व्हय? तो हसला.

"मावशी, शपथ नको तर प्रतिज्ञा करा. देवाचं नाव घ्यायचं न्हाय. कायद्यात सोय आहे."

"फौजेच्या कोर्टात पण?"

"तिथं पण हायच की."

पेन तसाच ठेवला. बाहेर लिंबाखाली उभं राहून पोराला फोन लावला.

"तुला प्रतिज्ञेचं विचारलं होतं का?"

म्हणाला, "व्हय. पण आये, हवालदारानं मला भावासारखं सांभाळलंय. आणि तो मारत होता तवा मी दारातच उभा होतो."

म्हणजे बघितलं होतं सगळं. मी सांगितलं, कागदावर माझी सही मिळायची न्हाय. कोर्टातल्या साहेबाची माफी माग, प्रतिज्ञा कर आणि बघितलं ते सांग. त्यानं फोन ठेवला. घरी सुनेनं विचारलं, झालं का काम? मी म्हणलं, झालं.

चार दिवसांनी तिनं स्वतःच फोन माझ्या हातात दिला. साक्ष दिली, पोरगा म्हणाला. दारात उभा होतो तेसुद्धा सांगितलं. अपमानाची शिक्षा काय होईल ते अजून ठरलं न्हाय.

आवाज तर खरा वाटला. पण पेरू खाल्ल्यावरही असाच असायचा. आणि शपथ घे म्हणावं, तर आमच्यात तीही सोय न्हाय.