पूर्ण वाक्याची सवय

बायको लालबागच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. पन्नाशी जवळ आली तेव्हा तिने एम.एड.ला नाव घातलं. लघुप्रबंधाचा विषय तिला वर्गातल्या एका मुलीवरून सुचला: घरी मालवणी बोलणारी मुलं वर्गात गप्प का राहतात. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, या विषयाजवळचे निदान पाच शोधनिबंध शनिवारपर्यंत दाखवा, नाहीतर विषय बदला.

गुरुवारी संध्याकाळी ती लॅपटॉपसमोर हिरमुसून बसली होती. "अहो, जगात हा प्रश्न कुणाला पडलेलाच नाही."

मी चष्मा लावून पाहिलं. शोधायच्या चौकटीत तिने इंग्रजीत अख्खा प्रश्न लिहिला होता, शेवटी प्रश्नचिन्हासकट. 'पूर्ण वाक्यात उत्तरे लिहा' असं वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिणारी बाई दुसरं काय करणार?

मी हिशेबखात्यातला माणूस. म्हटलं, "जुनं बिल शोधताना आम्ही त्यावरचा सगळा मजकूर टाकत नाही. नाव आणि रक्कम, बास. तूही दोन-तीन शब्दच दे."

"असं तुटक? मुलांनी लिहिलं तर मी लाल गोल करते."

तरी तिने इंग्रजीतच लिहिलं: लाजरी मुलं, शाळा. हजारो निबंध आले, वरचे सगळे मानसोपचाराचे. तिचा चेहरा पुन्हा पडला.

"पण ती मुलगी लाजरी आहे का?"

"छे! चाळीत नुसती पोपटासारखी बोलते. बाकावर बसली की गप्प. घरची भाषा वर्गाच्या दाराशी ठेवून येते."

"मग 'लाजरी' खोड. आत्ता म्हणालीस ते घाल."

तिने 'घरची भाषा', 'वर्ग' आणि 'मौन' यांचे इंग्रजी शब्द घातले. आता आलेल्या निबंधांत कुठे आदिवासी पाड्यावरची मुलं होती, कुठे परदेशी गेलेली. गप्प बसणं मात्र तेच. एका निबंधाच्या सारांशाखाली लेखकाने आपले कळीचे शब्द दिले होते. त्यातला एक उचलून तिने पुन्हा शोधलं. कुकर होईपर्यंत पाच जमले.

"मालवणीवर कुणीच लिहिलेलं नाही," ती म्हणाली, पण या वेळी खुशीत. "ते मी लिहीन."

जेवणानंतर ती वह्या तपासायला बसली. त्या मुलीने एका प्रश्नाला दोनच शब्दांत उत्तर दिलं होतं, त्यातला एक मालवणी. लाल पेन तिथे थांबलं. मग तिने बरोबरची खूण केली.

"उद्या हिलाच विचारते," ती म्हणाली, "घरी आणखी कशाला काय काय म्हणता गं."