एक पोरगी कमी पडत होती

बारावीच्या हॉल तिकिटावर माझं नाव बरोबर होतं, आईचं नाव बरोबर होतं, आणि फोटोत मी नेहमीसारखी कावलेली होते. विषयांच्या यादीत इंग्रजी, मराठी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, आणि सगळ्यात खाली भूगोल. मी तिकीट उलटं करून पाहिलं. गणित मागच्या बाजूला छापलं असेल, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात आलं होतं. मागे परीक्षेच्या सूचना होत्या.

हे सांगितलं की लोक हसतात. मला अजून हसू आलेलं नाही.

आमच्या नांदेड-लातूरकडे दहावीनंतर पोराला काय आवडतं ते कुणी विचारत नाही, ग्रुप कोणता ते विचारतात. गणितवाले ए ग्रुप, जीवशास्त्रवाले बी ग्रुप, दोन्ही घेणारे एबी. मेडिकलला जायचं, म्हणजे नीट परीक्षा द्यायची, तर बी. मग गणिताच्या जागी काहीतरी घ्यावं लागतं, म्हणून भूगोल, कारण भूगोल चार दिवसांत वाचून होतो म्हणे. मला दहावीला गणितात शंभरातला एकच मार्क कमी होता आणि तो एक कुठे गेला याचा मी महिनाभर शोध घेतला होता. मी एबी म्हणाले. नांदेडच्या क्लासमधले सर म्हणाले, "दोन डगरींवर हात ठेवू नका." शेजारचे म्हणाले, एक ना धड भाराभर चिंध्या. ज्यांच्या घरात दहावी कुणी ओलांडली नव्हती, त्यांनाही एबी ग्रुपबद्दल मत होतं.

डॉक्टर व्हायचं नव्हतं असं नाही. माझ्या वडिलांना, म्हणजे पप्पांना, मला डॉक्टर करायचं होतं आणि का ते मला कळत होतं. ते नायगावजवळच्या आरोग्य केंद्रात कर्मचारी आहेत. गावोगाव फिरून तापाच्या पेशंटचं रक्त काचपट्टीवर घ्यायचं, रजिस्टर भरायचं, हे त्यांचं काम. त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेला डॉक्टर त्यांना अरेतुरे करतो आणि बोलताना बसा म्हणत नाही. पप्पा त्याबद्दल कधी घरी बोलले नाहीत. फक्त मी पाचवीत असल्यापासून म्हणायचे, "त्या खुर्चीत माझी पोरगी बसणार हाय." मलाही बसायचं होतं. पण नाही जमलं तर दुसरं एखादं दार उघडं असावं, आणि ते माझ्या आवडीचं असावं, एवढंच माझं म्हणणं होतं. तीन दिवस मी पप्पांशी भांडले. तिसऱ्या दिवशी ते जेवताना म्हणाले, "ठेव बाई गणित. पण नीटमधी मार्क कमी पडले तर बघ."

म्हणजे त्यांनी हो म्हटलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर घरात सगळ्यांना त्याचा विसर पडला.

माझं नाव नायगावकडच्या एका कॉलेजात होतं आणि मी राहायची नांदेडला, क्लासजवळच्या मुलींच्या खोल्यांत. नाव एकीकडे, पोरगी दुसरीकडे. कॉलेजात जायचं ते प्रॅक्टिकलपुरतं आणि परीक्षेपुरतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. क्लासमध्ये गणित शिकवतच नव्हते, बी ग्रुपची बॅच होती ती. मी रविवारी करायची. सकाळी टेस्ट व्हायची, दुपारी बाकीच्या मुली केस धुवायच्या, कपडे वाळत घालायच्या, घरी फोन लावायच्या. मी गच्चीच्या जिन्यात बसून पुस्तकातली उदाहरणं एकापाठोपाठ एक सोडवायची. आठवडाभर बेडकाचं हृदय आणि माणसाचं मूत्रपिंड गिळून गिळून पोट फुगलेलं असायचं. गणित काही गिळावं लागत नव्हतं. ते दोन-तीन तास मला कुणाचीच मुलगी असल्यासारखं वाटायचं नाही, आणि मला ते फार बरं वाटायचं. दोन वर्षं, दर रविवारी. पूर्ण पुस्तक दोनदा झालं होतं.

आणि आता हॉल तिकिटावर भूगोल.

मी तिथल्या तिथे कॉलेजच्या क्लार्कच्या टेबलाशी गेले. म्हणाले, तुम्ही चूक केली आहे. तो बिचारा घाबरला नाही, चिडलाही नाही. बारावीच्या फाइली काढून त्याने एक कागद माझ्यापुढे सरकवला. विषय बदलाचा अर्ज. गणिताऐवजी भूगोल मिळावा ही विनंती. विद्यार्थिनीची सही म्हणून माझं नाव कुणीतरी गोल गोल अक्षरांत लिहिलं होतं. खाली पालकाची सही. सहीखाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ती सही मी लहानपणापासून रक्ताच्या रजिस्टरवर पाहिलेली. हजार सह्यांतून मी ती ओळखली असती.

घरी पोहोचले तेव्हा पप्पा नुकते ड्युटीवरून आले होते, हातपाय धूत होते. मी हॉल तिकीट त्यांच्या पुढ्यात धरलं. त्यांनी वाचलं, आणि काय झालंय ते समजायला त्यांना एक क्षणसुद्धा लागला नाही.

"हां, ते. अगं, भूगोलाच्या सरांचे तास जाणार होते. भूगोलाला बारावीत एक पोरगी कमी पडत होती. यादी जायचा शेवटचा दिवस. तू नांदेडला. मग केली सही."

"मला का नाही विचारलं?"

"इचारायचं काय त्यात? डाक्टरीला गणित लागतंय का? न्हाई ना लागत?"

आता हे सर कोण ते सांगायला हवं. आमच्याच वस्तीतले, माझं नाव होतं त्याच कॉलेजात भूगोल शिकवणारे. आमच्या वस्तीत मास्तरकीची ऑर्डर पहिल्यांदा आली ती त्यांना. पण ऑर्डर आली म्हणजे पगार आला असं नाही. कॉलेज विनाअनुदानित, पंधरा वर्षं त्यांनी फुकट शिकवलं. लोक तोंडावर म्हणायचे, बिनपगारी फुल अधिकारी. सुट्टीत ते दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचे आणि कॉलेजात इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. पगार सुरू होऊन वर्ष झालं असेल नसेल, तर भूगोलाची पोरं कमी झाली. पोरं कमी म्हणजे तास कमी, तास कमी म्हणजे सर अतिरिक्त, म्हणजे कुठे पाठवतील, ठेवतील की नाही, काही नेम नाही. पप्पा म्हणाले, "आपला माणूस हाय. त्याच्या घरात तीन लेकरं हायेत. तुझ्या नुसत्या नावानं त्याची नोकरी वाचून राहिली. तुझं काय गेलं?"

माझं काय गेलं!

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने हात थांबवले. "पोरीला इचारलं व्हतं का तुम्ही?" पप्पा म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं." आई म्हणाली, "मला न्हाई कळत. तिला कळतंय ना." आमच्या घरात आईने एवढं बोलणं म्हणजे भांडणच होतं. पप्पांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि बाहेर जाऊन बसले.

मला राग कशाचा आला ते मी पुष्कळ दिवस स्वतःशी उलटून पालटून पाहिलं. आमच्या दारातली मोटारसायकल शेजाऱ्याला द्यायची असली तर पप्पा आधी घरात विचारतात, कुणाला कुठे जायचंय का म्हणून. माझ्या गणिताला तेवढीही किंमत नव्हती. शेजारीण वाटी घेऊन आली की आई जसं चमचाभर विरजण देते, तसं त्यांनी ते दिलं. आणि सगळ्यात वाईट हे की ते वाईट कामासाठी दिलं नव्हतं. पैसे खाऊन दिलं असतं, कुणाच्या धाकाने दिलं असतं, तर मी मोकळेपणाने शिव्या दिल्या असत्या. त्यांनी एका भल्या माणसाचं भलं केलं. फक्त माझं उचलून केलं. देणारे ते, चांगले म्हणवून घेणारेही ते, आणि माझ्याकडून अपेक्षा ही की मी खूश व्हावं.

दोन दिवसांनी सर भूगोलाच्या नोट्स घेऊन घरी आले. लहानपणी मी त्यांना काका म्हणायची. अंगणात काठीने रेघा ओढून त्यांनीच मला अक्षांश-रेखांश दाखवले होते. मी पाणी दिलं आणि उभी राहिले. त्यांनी नोट्स पुढे केल्या.

"तुला फार वाचावं लागणार नाही, बेटा. नकाशे तेवढे बघ."

"मी तुमच्या विषयात का आहे, सर?"

त्यांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी दाराबाहेर पाहिलं. "तुझे पप्पा म्हणाले तू तयार आहेस," सर म्हणाले. मग हळूच, "मला वाटलं तुला ठाव हाय." त्यांचा चेहरा एवढा उतरला की मला त्यांच्यावर धड ओरडताही येईना. तो रागही मग पप्पांच्याच खात्यावर गेला. ग्लास रिकामा न करताच सर उठले.

बदल रद्द होईल का म्हणून मी पुन्हा कॉलेजात गेले. यादी बोर्डाकडे गेलेली होती, आता काही होत नाही, असं उत्तर मिळालं. परीक्षेत मी भूगोलाचा पेपर दिला. कॉलेजात भूगोलात मीच पहिली आले, त्र्याण्णव मार्क. पप्पांनी ते वस्तीभर सांगितलं. "बघ, वाया गेलं का?"

नीटमध्ये मार्क कमी पडले. मग लातूरला एक वर्ष रिपीट. लातूरच्या त्या खोलीत आम्ही तिघी होतो, तिघींनाही बारावीला गणित नव्हतं, आणि त्याचं दुःख माझं एकटीचं होतं. बाकीच्या दोघी गणित सुटलं म्हणून खूश होत्या. दुसऱ्यांदाही मार्क कमी पडले. थोडे नव्हे, बरेच. मी रडले नाही. मी पिशवीत मार्कशीट घालून बाहेर पडले, कारण मला माझं दुसरं दार ठाऊक होतं. मला संख्याशास्त्र शिकायचं होतं.

लातूरच्या एका कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर बाईंनी मार्कशीट वरून खाली वाचली. "बारावीला गणित?"

"अकरावीला होतं."

"अकरावीचं कोण विचारतंय?"

नांदेडच्या खिडकीवर तेच. कॉम्प्युटरच्या कोर्सलाही तेच. दरवेळी बोट त्याच ओळीवर येऊन थांबायचं, भूगोल, त्र्याण्णव. एका ठिकाणचा क्लार्क कौतुकाने म्हणाला, "अरे वा, भूगोल छान आहे की." मला ती मार्कशीट त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटली. पप्पांनी कधीतरी माझ्याबरोबर यायला हवं होतं या खिडक्यांवर, एकदा तरी. ते म्हणायचे, नर्सिंग कर, फार्मसी कर, पुष्कळ आहे करायला. पुष्कळ आहे हे मलाही माहीत होतं. जे हवं ते सोडून पुष्कळ होतं.

शेवटी नांदेडलाच एका खिडकीवरच्या म्हाताऱ्या बाबूंनी चष्मा वर केला. "तुरळक विषयाचा फॉर्म भर की. बारावी पास झालीस ना? फक्त गणिताचा पेपर दे. तुझ्याच कॉलेजातून भरता येईल." दोन वर्षांत इतक्या लोकांनी मला इतके सल्ले दिले आणि हे एक वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते माहीत नव्हतं म्हणून स्वतःचाही राग आला.

फॉर्म भरायला गेले तेव्हा पप्पा मोटारसायकलवर घेऊन गेले. मी एसटीने जाते म्हटलं होतं, पण ते आलेच. तेच टेबल, तोच क्लार्क. विषयाच्या रकान्यात मी गणित लिहिलं. पेन एवढं दाबलं की खालच्या कागदावरही उमटलं. विद्यार्थिनीच्या सहीच्या जागी मी सही केली. गोल गोल नव्हे, माझी.

पप्पा माझ्या मागे उभे होते. त्यांनी खिशातून आपलं पेन काढून टोपण उघडून ठेवलं होतं. "पालकाची कुठं करायची?" त्यांनी क्लार्कला विचारलं.

"पालकाची लागत नाही. मुलगी अठराच्या वर आहे." क्लार्कने फॉर्मवर शिक्का मारला आणि तो ट्रेमध्ये टाकला.

पप्पांनी टोपण लावलं. ते नीट बसेना, दोनदा दाबावं लागलं. मी पाहत होते. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचाही संताप आला, की इथेही मीच कळवळायचं का.

परत येताना नायगाव जवळ आल्यावर त्यांनी गाडी हळू केली आणि मान थोडी मागे वळवली.

"पेपरच्या दिवशी मी रजा टाकू का? सोडायला येतो."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या बाबतीतली एखादी गोष्ट करण्याआधी मला विचारली होती. मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. हो म्हणणं सोपं होतं, आणि त्यांना ते हवं होतं.

"नको," मी म्हणाले.