क्लस्टर दोनदा

माझा थोरला भाऊ कोन गावाजवळ, हायवेला लागून असलेल्या एका हॉटेलात बियर बनवायचा. मी पीत नाही. तरी दर बुधवारी कॉलेजात शिकवून झालं की त्याच्याकडे जाऊन बसायचो. बियरच्या खोलीत सातूचा गोड, दमट वास असे.

हल्ली गिऱ्हाइकांना बियरला आंब्याचा, लिचीचा वास लागतो. त्यासाठी नव्या जातींचे हॉप्स येतात. दादाचा जीव मात्र क्लस्टर नावाच्या जुन्या अमेरिकन जातीवर होता. हॉप म्हणजे एका वेलीची वाळवलेली, खवल्याखवल्यांची हिरवट फुलं. क्लस्टर घालायची ती कडूपणासाठी. उकळीच्या सुरुवातीलाच टाकून तासभर उकळू द्यायची. उशिरा टाकली तर वास येतो, कडूपणा उतरत नाही. वजन काट्यावर व्हायचं, पण दादाचा भरवसा जिभेवर. उकळी संपत आली की पळीभर सातूचा रस गार करून तो चाखायचा.

त्या बुधवारी त्याने चाखलं आणि कपाळाला आठी घातली. "उतरलीच नाही," म्हणाला. पुन्हा तेवढीच फुलं तोलून टाकली आणि आणखी तासभर आच ठेवली.

त्याच्या हाताशी मदतीला गव्हाण गावचे एक काका असत. त्यांनी पळी तोंडाला लावली आणि मोरीकडे धावले.

"भाऊ, ही बियर नाय, काढा हाय! आमी काय गुन्हा केलाय?"

काकांबरोबर दादाही हसला. मग स्वतः चाखून म्हणाला, "बरी आहे की. जरा कमीच."

काका हसायचे थांबले. मी बोट बुडवून पाहिलं. घशापर्यंत कडू झालं. दादाने डब्यातलं एक कोरडं फूल उचललं, तोंडात टाकलं आणि बडीशेपेसारखं चघळत राहिला. पाहत माझ्याकडे होता.

सगळं पिंप गटारात सोडावं लागलं. फेस बराच वेळ जाळीवर अडून होता. गाडीपाशी दादा म्हणाला, "वहिनीला बोलू नकोस. सर्दी असेल. पोरीचं लग्न होऊ दे, मग दाखवतो."

मी बरं म्हटलं.

पुढच्या बुधवारी काका चाखत होते आणि दादा त्यांच्या तोंडाकडे बघून आच कमी करत होता. घरी त्याने उतू जाऊन करपलेलं दूध शेजारी उभं राहून ओळखलं नाही. मी गॅस बंद केला.

दिवाळीनंतर लग्न थाटात झालं. पंधरा दिवसांनी तो जिन्यात पडला. स्कॅनवर डोक्यातली गाठ दाखवून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "तोंडाची चव कधीपासून गेली?"

"चव?" वहिनी म्हणाल्या. "नाही हो. दोन्ही वेळ पोटभर जेवत होते."

दादा तेव्हा बोलू शकत नव्हता. मी मान खाली घालून फाइलची दोरी गुंडाळत राहिलो.

तो गेला त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. शेजाऱ्यांनी कडू घास आणला, पिठलं आणि भात. नाव कडू, पिठलं नेहमीसारखंच होतं. सगळे उठल्यावर वहिनी माझ्यासमोर बसल्या.

"भावजी, डॉक्टरांनी चवीचं विचारलं तेव्हा तुम्ही मान का खाली घातलीत?"

मी सांगितलं. दोनदा टाकलेली फुलं, गटार, त्याने घेतलेलं वचन, सगळं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"कधी?"

"गणपतीच्या आधी."

त्या अंगठ्याने बोटांच्या पेरांवर महिने मोजू लागल्या. शेवटच्या पेरावर थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.